फिलोमेनाचा फोर्क आणि सेराफिनचं लोणी

सांक्ट किलियान गावात फिलोमेना राफाइनर कोण म्हणून विचाराल तर लोक तुमच्या तोंडाकडे बघत राहतील. मेना म्हणा, की लगेच बोट दाखवतील. ती काय, चर्चच्या मागे, खिडकीत लाल जिरेनियम आणि दारात चिखलाने माखलेली सायकल असलेलं घर. बाई साठी उलटलेली, अंगाने गुटगुटीत, आवाज असा की समोरच्या डोंगरावरच्या शेळ्या मान वर करतात. उमेदीची सगळी वर्षं तिने सफरचंदांच्या गोदामात काढली. पुढून पट्टा सरकतोय आणि ही डागाळलेली फळं वेचून बाजूला काढतेय. टाचणीच्या टोकाएवढा डाग तिच्या नजरेतून सुटायचा नाही. स्वतःच्या नवऱ्यावरचा डाग मात्र तिला चार उन्हाळे दिसला नाही. त्याचीच ही गोष्ट.

नवरा सेराफिन. जून लागला की हा गावातल्या गाई घेऊन वरच्या कुरणावर जायचा आणि सप्टेंबरात हार-घंटा घातलेल्या गाई घेऊन खाली यायचा. मधले महिने वर चीज, लोणी आणि गप्प बसणं. माणूस वाईट नाही हो, पण तोंडातून शब्द काढायचा म्हणजे याला दाढ काढल्यासारखं होतं. लग्नानंतर कितीतरी वर्षं मेना फक्त रविवारी, धापा टाकत, पायी वर जायची. बाकीचा उन्हाळा ती नवरा असून विधवा. "माझा नवरा आणि बर्फ, दोघेही हिवाळ्यातच घरी असतात," असं ती म्हणायची आणि सगळे हसायचे. ती हसायची नाही.

मग चार वर्षांपूर्वी तिने मोटरवाली डोंगरी सायकल घेतली. सेराफिनने तिचं नाव ठेवलं 'आळशांचं गाढव'. पण त्या गाढवावर बसून मेना रोज वर जाऊ लागली. सकाळी ताजा पाव आणि वर्तमानपत्र घेऊन वर, बाकावर दोघांनी अर्धा तास बसायचं, आणि येताना पाठीवरच्या पिशवीत लोण्याची किटली घेऊन खाली. किटली गावातल्या खाणावळीत फ्रीडाच्या हाती द्यायची.

"लोणी ताकातच ठेवलंय," सेराफिन दररोज बजावायचा. "उघडू नकोस. गरम हवा लागते. फ्रीडा गाळेल, धुवेल."

मेनाने कधी उघडली नाही. दुधाच्या खोलीतही ती कधी गेली नाही, कारण बाहेरचे बूट आत आले की चीज रुसतं, असं सेराफिनचं म्हणणं. आणि त्या लोण्याने काय नाव काढलं! आधी सेराफिनचं लोणी म्हणजे पोटात ढकलण्यापुरतं बरं. पण हल्ली दर सप्टेंबरला जत्रेत पहिला नंबर त्याचाच. छातीला निळी फीत लावून तो पाद्र्यांसारखा मान हलवत फिरायचा, आणि मेना शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगायची, "उतारवयात हात बसला हो त्याचा."

यंदा मात्र मेनाच्याच हातांनी दगा दिला. मनगटं ठणकायची, बोटांना मुंग्या यायच्या, बटाटा सोलताना सुरी गळून पडायची. डॉक्टरीणबाईंनी हात उलटसुलट करून पाहिले आणि विचारलं, "रोज कुठून उतरता?" मेनाने वाट सांगितली. वर नुसते धोंडे, मग झाडांची मुळं, मग खडी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एक तर ही थरथर थांबवा, नाहीतर सायकल थांबवा."

सायकल थांबवायची म्हणजे पुन्हा जून ते सप्टेंबर खिडकीत बसून डोंगराकडे बघायचं. मेनाला रडूच आलं. तशीच ती खालच्या पेठेत वेरेनाच्या सायकलच्या दुकानात गेली.

वेरेना ही चाळिशीतली बाई, बोटं कायम काळी, जीभ त्याहून. तिने सायकलचं हॅन्डल धरून पुढे जोर दिला. पुढच्या शॉकअपने, म्हणजे चाक धरणाऱ्या दोन पायांच्या फोर्कने, हूं की चूं केलं नाही.

"मावशी, हा फोर्क आहे की चर्चचा खांब? आतली स्प्रिंग गंजून कधीच देवाघरी गेलीय. आणि मुळातच हा किडमिड्या पायांचा. तुझी सायकल मोटर-बॅटरीसकट केवढी जड, वर तू!"

"वर मी काय?"

"वर तू देवमाणूस," वेरेना म्हणाली.

मेनाने भिंतीवर टांगलेले फोर्क न्याहाळले. "तो सगळ्यात लांब पायांचा दे. घ्यायचाच तर दणदणीत घेऊ."

"घे, आणि चढावर पुढचं चाक आकाशाकडे बघत चालेल. खालून मोटर ढकलणार, वर तू मागे कलंडणार. सायकलच्या सांगाड्याला जेवढा झेपतो तेवढ्याच लांबीचा घ्यायचा. लांब नको, जाड घे. हा बघ, हवेवर चालणारा. वजनाप्रमाणे हवा भरायची. वजन किती तुझं?"

मेनाने एक आकडा सांगितला. वेरेनाने पंप खाली ठेवला आणि हाताची घडी घातली.

"मावशी, ते लग्नातलं सांगू नकोस. आजचं सांग."

शेवटी तसाच फोर्क लावलेल्या दुकानातल्या सायकलवर मेनाला पिशवीसकट बसवलं. फोर्कच्या पायावर एक रबरी कडं होतं, ते किती सरकतं ते पाहून वेरेनाने हवा भरली, आणखी भरली, आणि मेनाकडे न बघता आणखी थोडी भरली. फोर्क मेनाला जिवापाड आवडला. पण एवढी मोठी खरेदी नवऱ्याला विचारल्याशिवाय कशी करायची? म्हणून ती दुसऱ्या दिवशी वर गेली आणि बाकावर विषय काढला.

आता बघा हं. जो माणूस महिन्याला चार वाक्यं बोलतो, तो त्या दिवशी बोलायचा थांबेना.

"कशाला हवाय नवा? आहे तो चांगला मजबूत आहे. थरथर तब्येतीला चांगली असते, मूतखडा होत नाही. माझा बाप लाकडी घसरगाडीवरून उतरायचा, त्याला कुठे होता शॉकअप? गाई रोज चढतात-उतरतात, त्यांना आहे का? आणि त्या पैशात वासरू येतं, वासरू!"

"सेराफिन, माझे हात दुखतात रे."

यावर तो आत गेला आणि मार्मोटच्या, म्हणजे डोंगरातल्या त्या लठ्ठ खारीच्या, चरबीच्या मलमाची डबी घेऊन आला. "हे चोळ," म्हणाला. दुसऱ्या दिवशी जाड हातमोजे दिले. तिसऱ्या दिवशी हॅन्डलला मेंढीचं कातडं गुंडाळून दिलं. सगळं दिलं, पण फोर्कचं नाव काढलं की याचा चेहरा पडायचा. मेनाला ते फार लागलं. उतरताना प्रत्येक धोंड्यावर तिच्या मनात येई, याला मी यायला नकोच आहे. माझ्यामुळे याचं गप्प बसणं मोडतं. अशी माणसं असतात, त्यांना बायको जुलै महिन्यात चालत नाही.

आणि मग तिला आला राग. मेनाचा राग म्हणजे उतारावर ब्रेक तुटलेली बैलगाडी. ती थेट वेरेनाकडे गेली, "बसव गं," म्हणाली, आणि गोदामाच्या वेळच्या साठवलेल्या पैशांतून नवा फोर्क बसवून घेतला. जुना तिथेच टाकून आली.

काय सांगू तुम्हाला! धोंडे होते तिथेच होते, पण हाताला लागेनात. मुळांवरून सायकल गादीवरून चालल्यासारखी आली. मेना चक्क गात गात खाली उतरली आणि किटली फ्रीडाच्या हाती देऊन घरी झोपली.

दुसऱ्या दिवशी फ्रीडा खाणावळीच्या दारातच उभी. "मेना, काल सेराफिनने नुसती साय पाठवली. घुसळायला विसरला वाटतं."

"विसरला असेल."

तिसऱ्या दिवशीही साय. चौथ्या दिवशीही. फ्रीडाने तिला कोपऱ्यात घेतलं आणि आवाज खाली आणला. "तुला म्हणून सांगते. माझ्या सासऱ्यांचं असंच सुरू झालं होतं. आधी चष्मा विसरले, मग गाईंची नावं, मग माझं."

मेनाचा सगळा राग जिरला. आपण फोर्क फोर्क करत बसलो आणि तिकडे त्याचं डोकं कामातून चाललंय! म्हणूनच तो एवढा बडबडत होता. ती सायकल दामटत वर गेली. सेराफिन बाहेर कुंपण ठोकत होता. त्याला हाक न मारता, बुटांसकट, ती दुधाच्या खोलीत शिरली. रुसू दे म्हणावं चीजला.

कोपऱ्यात लोणी घुसळायचं जुनं लाकडी पिंप होतं. त्याच्या दांड्याला कोळ्याने जाळं विणलेलं. झाकण नव्हतंच. आणि आत, गवताच्या गादीवर, एक तपकिरी कोंबडी अंडी उबवत बसली होती. कोंबडीने मेनाकडे पाहिलं ते घरमालकिणीच्या थाटात. मागे येऊन उभ्या राहिलेल्या सेराफिनला मेना म्हणाली, "हे काय आहे?"

"कोंबडी."

"कोंबडी दिसतेय मला. बसलीय कशात?"

सेराफिनने टोपी काढली आणि टोपीत बघू लागला.

"किती वर्षं बसलीय?"

"ही नाही गं. ही दुसरी. पहिली म्हातारी होऊन मेली."

मग सगळं बाहेर पडलं, दाढ उपटल्यासारखं. पहिल्या उन्हाळ्यात त्याने खरंच नुसती साय दिली होती, कॉफीत घालायला. किटली त्या रस्त्याने धडधडत खाली गेली आणि फ्रीडाचा निरोप आला, आजचं लोणी अप्रतिम. "मी म्हटलं, देवाची इच्छा," सेराफिन म्हणाला. तेव्हापासून हा आयत्या बिळावरचा नागोबा रोज पहाटे साय काढायचा, किटलीत ओतायचा आणि उरलेली सकाळ पाइप ओढायचा. घुसळायचं काम बायकोच्या पाठीवर. आणि निळी फीत स्वतःच्या छातीवर!

दारात गुराखी व्हिगिल उभा होता, तो हळूच सटकू लागला. "तुला माहीत होतं?" मेना कडाडली.

"मी गुराखी माणूस," व्हिगिल म्हणाला. "मला फक्त गाईंचं माहीत असतं."

मेना नवऱ्याकडे वळली. "मेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे ऐकले होते मी. जित्या बायकोच्या मनगटांवर लोणी काढणारा तूच पहिला! बाहेरच्या बाकावर बसून रडगाणं गायले मी, हात दुखतात म्हणून. आणि तू मला मलम दिलंस. मला वाटलं तुला मी नकोशी झालेय. नकोशी कुठली, मी तर यंत्र होते!"

मेनाने किटली तिथेच आपटली आणि रिकाम्या पाठीने खाली आली. त्यानंतर ती वर गेलीच नाही. नवाकोरा फोर्क बोळात उभा, आणि ही खिडकीत. गावाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात भांडी घासायची. पण रोज सकाळी पाव घेऊन जायच्या वेळी डोळे आपोआप डोंगराकडे जायचे, आणि मग तिला स्वतःचाही राग यायचा.

वरच्या बातम्या व्हिगिल आणायचा. सेराफिनने कोंबडीला उठवून पिंप धुतलं, दांडा फिरवला, खांदा धरला. लोणी निघालं ते रव्यासारखं. फ्रीडाने ते चाखलं आणि कुत्र्याला दिलं. कुत्र्याने नुसतं हुंगलं.

एका दुपारी मेना अंगणात बाकावर शेंगा सोलत बसली होती, तर वरून खडखडाट ऐकू आला. पत्र्याच्या दुकानात बोकड शिरावा तसा. चर्चच्या वळणावरून एक सायकल आली, तीवर एक माणूस, टोपी गायब, दाढी एका बाजूला गेलेली, डोळे विस्फारलेले. कुंपणाला धडकून ती थांबली. आळशांच्या गाढवावरून साक्षात सेराफिन उतरला. पाठीवर किटली. सायकल वेरेनाच्या दुकानातली, भाड्याने द्यायची, जुनाट. आणि पुढे बसवलेला फोर्क मेनाने लांबूनही ओळखला. तिचाच. चर्चचा खांब.

तो बाकावर येऊन बसला. मेनाने कॉफी आणून त्याच्या हाती दिली. कप बशीवर कडकडकड वाजू लागला, कॉफी पँटवर सांडू लागली.

"हात दुखतात?" मेनाने विचारलं.

"नाही."

आणखी कॉफी सांडली.

"हो," सेराफिन म्हणाला. "मेना, तू हे रोज..."

"रोज."

"चार वर्षं?"

"चार वर्षं."

त्याने कप खाली ठेवला. त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते वाऱ्याने नव्हे. "मी गाढव आहे," तो म्हणाला. लग्नानंतरचं हे त्याचं सगळ्यात लहान आणि सगळ्यात खरं भाषण. मेना आत गेली, मार्मोटच्या मलमाची तीच डबी घेऊन आली आणि त्याचा हात मांडीवर घेऊन चोळू लागली. जोरात चोळलं, थोडा सूड म्हणून. मग हळूहळू.

"किटलीत बघ," तो म्हणाला.

मेनाने झाकण काढलं. ताकात पिवळंधमक लोणी तरंगत होतं, फुलकोबीएवढा गोळा. तिने बोटभर काढून पावाला लावलं, अर्धा त्याला दिला. दोघं खात बसली. भर जुलैत, दुपारी, स्वतःच्या अंगणात. शेजारीण दोनदा कुंपणापाशी येऊन खात्री करून गेली.

"तुझ्याही सायकलला नवा फोर्क घ्यायला हवा," मेना म्हणाली.

सेराफिनने बोटं चाटली आणि विचार केला.

"नको," तो म्हणाला. "मग खाली यायला कारण काय सांगू?"