माळा, ळ चा

माहीत नसताना माणसं सरळ "नाही ठाऊक" का म्हणत नाहीत, यावर बाबांचा कायमचा राग होता. धारच्या बाजारात पत्ता विचारावा, तर माणूस तुम्हाला आपल्या मेव्हण्याच्या दुकानात नेऊन बसवतो, असं ते म्हणायचे. इंटरनेट कंपनीवरही त्यांचा हाच राग. आपण एखादं नाव टाइप केलं की त्याचा पत्ता एका यंत्राला विचारला जातो. आमच्याकडे ते यंत्र कंपनीचं होतं, आणि नाव सापडलं नाही की ते जाहिरातींचं पान पुढे करायचं.

"कुणाला विचारायचं हे आपण ठरवावं," असं म्हणत भौतिकशास्त्राच्या या निवृत्त मास्तरांनी फळीवर एक छोटा कॉम्प्युटर बसवला. मग घरातले फोन पत्ते त्याला विचारू लागले. नाव सापडलं नाही तर तो सरळ "असं नाव नाही" म्हणे. काही नावं मात्र फक्त त्यालाच ठाऊक होती, कारण ती बाबांनी ठेवली होती. त्यांतलं एक, माळा.घर.

माळ्यावर आपण जपायच्या वस्तू टाकतो, तसा तिथे त्यांनी आपला आवाज ठेवला होता. इकडे मध्य प्रदेशात पूजा सांगायला येणारे भटजी हिंदीतून भराभर उरकतात, म्हणून गणपतीची सगळी पूजा त्यांनी आमच्या घरच्या जुन्या मराठीत रेकॉर्ड केली. तेव्हा मी हसले होते. बाबा गेले त्याला आता वर्ष होत आलं.

परवावर गणपती आले असताना आईचा मला देवासला, सासरी, फोन आला. "माळा उघडत नाही गं. इंटरनेटचा नवा डब्बा लावायला कंपनीचे एक भिया आले होते. 'सब ऑटो पे कर दिया, माताजी' म्हणाले. आता फ्लॅटच्या जाहिराती येतात. ह्यांच्या आवाजाशिवाय मी पूजा कशी करू?" आई रडली नाही, पण बोलणं संपल्यावरही तिने फोन ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने मी धार गाठलं. फळीवरच्या कॉम्प्युटरचा नंबर बाबांच्या डायरीत होता. तो नव्या डब्ब्यात भरला, म्हणजे पत्ते पुन्हा त्यालाच विचारले जाणार. मग माझ्या फोनवर नाव टाइप केलं. असं नाव नाही. पुन्हा केलं, तिसऱ्यांदा केलं, तेच उत्तर. सगळं पुसलं गेलं असणार, अशी माझी खात्री झाली आणि मी आईला काय सांगावं याची जुळवाजुळव करत बसले.

आई चष्मा लावून शेजारी आली. "हे काय लिहिलंस? माला गळ्यात घालतात. आपला माळा आहे, ळ चा."

मी हिंदी शाळेत शिकले. बोलताना ळ म्हणते, पण लिहिताना बोट ल वरच जातं. यावरून बाबांनी लहानपणी मला किती पिडलं आणि मी किती फणफणले. ल दाबून धरल्यावर त्यामागे लपलेला ळ वर आला आणि पान उघडलं.

"पळीत पाणी घ्या," बाबा म्हणाले. "सावकाश. घाई कुणाला आहे?"

"आज नाही हो, उद्या," आई म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावला. मला तिथून उठवेना.

देवासला परतल्यावर माझ्या घरीही मी कंपनीचं यंत्र सोडून दुसऱ्याला पत्ते विचारायची सोय केली. आवाज फोनमध्ये उतरवून घे, असं नवरा म्हणतो. घेईन. पण बाबा त्या घरात आहेत, असं मला अजून वाटू द्यायचं आहे.

त्यांची फार आठवण आली की मी इथूनच ते नाव टाइप करते, ळ नीट शोधून. धारच्या घराबाहेर ते कुणालाच ठाऊक नाही, हे मला माहीत आहे. उत्तर येतं, असं नाव नाही. बाबांना हवं होतं तसं, अगदी खरं उत्तर. तरी मी पुन्हा एकदा विचारते.