मुठीतला पेनड्राइव्ह

तलासरीच्या बाजारात झेरॉक्स आणि मोबाइल कव्हरच्या दुकानात बसणाऱ्या त्या माणसाचं नाव मी विचारलं नाही. त्यानेही माझं विचारलं नाही, थेट चहा मागवला. आमच्या शाळेतले जुने कॉम्प्युटर जावयासारखे, प्रत्येकाचा नखरा वेगळा. म्हणून मला एकाच पेनड्राइव्हवर विंडोज आणि दोन तऱ्हेचं लिनक्स, अशा कॉम्प्युटर चालवणाऱ्या तीन सिस्टिम हव्या होत्या. पेनड्राइव्ह लावला की यादी यावी आणि हवं ते निवडून मशीन सुरू व्हावं.

"होईल. पण आधी हा पेनड्राइव्ह पूर्ण पुसला जाणार," असं म्हणून तो कॉम्प्युटरला लावलेलं बाकी सगळं उपटू लागला. मघाशी प्रिंटसाठी लावलेला माझा दुसरा पेनड्राइव्हही काढून त्याने माझ्या तळहातावर ठेवला. त्यात मुलीच्या लहानपणीचे फोटो होते, दुसरी प्रत कुठेच नव्हती.

"मूठ बंद करा. खिशात नको."

दारातल्या गिऱ्हाइकाला त्याने गुजरातीत थांबवलं आणि पडद्यावरचं पेनड्राइव्हचं नाव, बोट ठेवून, सातबारा वाचावा तसं मोठ्याने वाचलं.

"पूजा घातलीय की काय?" मी म्हणालो.

"हसा. मी एकदा घाईत चुकीची डिस्क निवडली. आमच्या लग्नाचा व्हिडिओ गेला."

"बायको काय म्हणाली?"

"म्हणाली, व्हिडिओ कशाला पुसलात, लग्नच पुसायचं ना!"

दोघंही खो खो हसलो. हसता हसता माझी बोटं सैल झाली. त्याने माझी मूठ स्वतःच्या हाताने पुन्हा घट्ट मिटली, आणि मगच बटण दाबलं.