आईची मान

आमच्या गल्लीत एखादीची मान धरली, की आधी तिला हसत. "रातभर कोणाकडे पाहून राहिली होतीस वं?" असं विचारून बायका खिदळत आणि मग आपापल्या कामाला लागत. आईची मान धरली तेव्हाही तसंच झालं. पण आठवडे गेले तरी ती सुटेना, विहारात वंदनेसाठी डोकं टेकवताना आई विव्हळायला लागली, तेव्हा हसणं थांबलं आणि उपाय सुरू झाले. मोहाचं तेल चोळून झालं. विटेचा शेक झाला. पलीकडच्या वस्तीत एक पायाळू बाई होती, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेली. अशा माणसानं पाय लावला की उसण जाते म्हणतात. तिनं आईच्या पाठीला पाय लावला. उसण काही त्या पायाला घाबरली नाही.

दोन हजारनंतरची ती पहिली काही वर्षं. आम्ही तिरोड्याच्या कडेला राहायचो. बाबा धानाच्या दिवसांत दुसऱ्यांच्या बांध्यांत, म्हणजे भाताच्या खाचरांत, रोजीनं जात. उरलेलं वर्ष आईच्या बिड्यांवर चाले. सकाळी चुलीचं आटोपलं की आई मांडीवर सूप घेऊन बसे. सुपात तेंदूची पानं, तंबाखू, दोरा. कैचीनं पान कापायचं, तंबाखू भरून वळायचं, टोक नखानं मुडपायचं. उन्हाची तिरीप अंगावर आली की ती जागा बदले, पण मान वर होत नसे. माझ्या लहानपणातली आई मला आठवते त्यात तिचा चेहरा कमी आणि डोक्यावरचा भांग जास्त आहे. आता त्या मानेतून कळ निघून उजव्या हातात उतरत होती आणि बोटांना मुंग्या येत होत्या. तो हात गेला तर घर कशावर चालणार, हे आम्हाला कोणी सांगायची गरज नव्हती.

अशात ऑटोवरच्या भोंग्यातून कळलं, की राजस्थानकडचा एक डॉक्टर गोंदियाच्या धर्मशाळेत शिबिर घेतो. गोळी नाही, सुई नाही, नुसत्या हातानं दुखणं घालवतो. शब्द होता ऑस्टिओपॅथी. गल्लीनं त्याचं 'हड्डीवाला' करून टाकलं. मी तेव्हा गोंदियाच्या कॉलेजात जात होते, हिंदी बरी होती, म्हणून पॅसेंजरनं आईला मीच घेऊन गेले.

त्या माणसाच्या हातात गुण होता, हे मी आजही मान्य करते, आणि मी सहजासहजी कोणाला मानणारी नाही. त्यानं आईला निजवलं आणि आधी तिचे घोटे हातात धरले. शरीर म्हणजे एकच दोरी आहे, गाठ एका जागी असते आणि ताण दुसऱ्याच जागी पडतो, असं तो समजावत होता. "मान दुखते अन् हा पाय धरून बसला," आई माझ्याकडे पाहून पुटपुटली. मग तो उशाशी बसला. कवटीच्या खाली बोटं ठेवून कितीतरी वेळ नुसता थांबला. दाबणं नाही, चोळणं नाही. शेवटी त्यानं मान अगदी सावकाश एका बाजूला नेली, मग दुसऱ्या. आई उठून बसली आणि तिनं मागं वळून रांगेतल्या लोकांकडे पाहिलं.

"फिरून राहिली वं!" ती सगळ्यांदेखत ओरडली. तिचे डोळे भरले होते. मलाही इतका आनंद झाला, की मी त्या डॉक्टरच्या पायाच पडले.

मग त्यानं विचारलं, "माताजी, काम क्या करती हो?"

"कुछ नहीं. घर पेच रहती हूँ."

ती खोटं बोलत नव्हती. आमच्याकडे काम म्हणजे शेतात, राइस मिलमध्ये, सडकेवर जाऊन केलेलं. घरात बसून बिडी वळणं म्हणजे भांडी घासण्यासारखंच, उठल्यापासून चालू असलेलं. त्याला काम कोण म्हणणार? मीही शेजारीच उभी होते आणि मलाही ते उत्तर बरोबरच वाटलं. घरी बसणाऱ्या बाईची मान इतकी आखडावी याचं डॉक्टरला नवल वाटलं आणि त्यानं सगळा दोष उशीवर टाकला. उशी सोडा, म्हणाला.

आईनं उशी सोडली ती एखादं व्रत घ्यावं तशी. स्वतःची तर सोडलीच, घरातल्या सगळ्या उशा उसवून तिनं कापूस गोधडीत भरला. "तुही मान दुखते, मी कायले सपाट निजू?" बाबा कुरकुरले. "मंग तुमची दुखाची वाट पाहू का?" आई म्हणाली. सगळं घर सरळ रेषेत निजायला लागलं. आणि सकाळ झाली की आई सूप घेऊन, मान खाली घालून बसायची.

आराम आठवडाभर पुरे, कधी त्याहून कमी. शिबिर दर काही महिन्यांनी भरे, आणि आई गल्लीतल्या बायकांनाही घेऊन जाऊ लागली. सगळ्यांची दुखणी तीच. सगळ्यांनी डॉक्टरला एकच सांगितलं, कुछ नहीं करते. काहीच न करणाऱ्या इतक्या बायका त्यानं एका जागी कधी पाहिल्या नसाव्यात. "आपके यहाँ पानी में कुछ गड़बड़ है क्या?" त्यानं एकदा मला गंभीरपणे विचारलं.

उलगडा झाला तो आईच्या मानी स्वभावामुळे. एकदा तिची बोटं तपासताना त्याला वास आला. "तंबाकू खाती हो?" आई ताडकन उठली. "मैं नहीं खाती! बीडी बनाने का है ये." मग किती तास, कसं बसता, कधीपासून, असं त्यानं विचारलं आणि तिनं रुमालाचं सूप करून बसून दाखवलं. डॉक्टरनं तिच्या वाकलेल्या मानेवर बोट ठेवलं. मग म्हणाला, आधी हे बंद करा, काही महिने तरी. मी सोडवलेलं तुम्ही रोज बांधता; असंच चाललं तर हात जाईल.

परतीच्या गाडीत आई खिडकीबाहेर बघत होती. "बंद करून काय करू बाप्पा?" तिनं मला नव्हे, कोणाला तरी विचारलं. तिरोड्यापर्यंत तिनं स्वतःच एक उत्तर काढलं. दिवाळीपासून बंद करायचं. पण बंदच्या महिन्यांत घर चालावं म्हणून तोवर दुप्पट वळायच्या. मी भांडले, बाबाही बोलले, पण ऐकेल ती आई कसली! आरामाचा एकेक दिवस तिनं असा वापरला, की मान मोकळी झाली म्हणून आणखी एक सूप. पडल्या पडल्या विसावा घेणं हे औषध आहे, हे तिला आयुष्यात कोणी शिकवलंच नव्हतं. चिडायचं तरी कोणावर? मी सगळ्यांवर चिडले आणि त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

दिवाळीच्या आधीच्या शिबिरात डॉक्टरनं तिचं अंगठ्याजवळचं बोट दाबलं. "दर्द?"

"नहीं," आई हसत म्हणाली.

त्यानं पेनचं टोक टोचलं. "अब?"

"बिलकुल नहीं!" आईचा चेहरा उजळला होता. "बंद झालं वं दुखाचं," ती मला म्हणाली. डॉक्टरनं तिचा हात हळूच खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. हे बरं होणं नाही, नस मरते आहे, ताबडतोब नागपूरला न्या, हे त्यानं आईलाही सांगितलं. तिनं मान हलवली आणि त्यातलं काहीही आत घेतलं नाही. जिथं दुखत नाही तिथं आजार कसला, असं तिचं सरळ म्हणणं. पुढं नागपूरला आम्ही गेलो, आणि गेलेलं परत येणार नाही एवढंच तिथून कळलं.

पण मला आठवते ती शिबिराच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ. आई सूप घेऊन बसली होती. पान हातातून निसटत होतं. "यंदा पत्ताच खराब आला," असा पानांना दोष देत ती दुसरं उचले, तेही निसटे. इतक्यात शेजारीण दारात आली आणि आई तिला हौसेनं सांगायला लागली, कसं सगळं दुखणं गेलं, कसा त्या हड्डीवाल्याच्या हाताला गुण आहे. मान दाराकडे छान वळली होती. मी तिच्यासमोर बसले आणि कापून घ्यायला नको म्हणून तिच्या बोटांतली कैची हळूच काढून घेतली. तिला ते कळलंच नाही. बोटं कैची धरल्यासारखीच वाकलेली राहिली, आणि ती शेजारणीला म्हणाली, "तूही चाल वं माह्यासंगं, तुलेही बरं वाटन."