पिल्लाला पिंजऱ्याची सवय लावताना

पिल्लू आमच्याकडे आलं ते डॉक्टरांच्या सांगण्यावरून. जनावरांच्या नव्हे, माझ्या मुलीच्या डॉक्टरांच्या.

मुलगी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. एका सकाळी ती निम्म्या वाटेतून परत आली आणि सोफ्यावर पडून राहिली. छाती धडधडतेय, श्वास घेता येत नाही, म्हणाली. तपासण्या केल्या. सगळं व्यवस्थित निघालं. पण दुसऱ्या दिवशी तिने चपला घातल्या आणि दारातच उभी राहिली, घामाने डबडबलेली. मग कॉलेज सुटलं, मग मैत्रिणी, मग खाली दूध आणायला जाणंही. कुणी बेल वाजवली की ती आपल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायची. तिला बघायला घरी येणाऱ्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "औषध चालू राहू दे. पण तिच्यावर कुणीतरी अवलंबून असू दे. एखादं जनावर पाळता येईल का?"

माझे यजमान नंदेसरीच्या एका केमिकल कारखान्यात ऑपरेटर आहेत. त्यांच्या सहकाऱ्याच्या अंगणात एका कुत्रीला पिल्लं झाली होती. त्यातलं एक ते पाळी संपवून येताना खोक्यात घालून घेऊन आले. तांबूस, पोटाखाली पांढरं, कान अजून लोंबते. मुलीने त्याला मांडीवर घेतलं. ते तिच्या ओढणीत तोंड खुपसून झोपलं. त्या संध्याकाळी ती कितीतरी दिवसांनी आमच्याबरोबर ताटावर बसली. मी भाजी वाढताना यजमानांकडे बघितलं, त्यांनीही माझ्याकडे बघितलं.

निजामपुऱ्यात तिसऱ्या माळ्यावरचं आमचं भाड्याचं घर लहान आहे. पिल्लू सोफ्याखाली मुतायचं, वायरी चावायचं. पुण्याला माझी नणंद असते, तिच्याकडे मोठा कुत्रा आहे. ती फोनवर म्हणाली, "वहिनी, पिंजरा घ्या. आत ठेवायचं, दार लावायचं आणि रडू द्यायचं. तासाभरात थकतं. मात्र एकदा जरी रडण्याला भुलून दार उघडलंत ना, तर संपलं. मग ते कायम रडणार."

तारेचा पिंजरा आणला. मुलगी म्हणायची, "पिंजरा म्हणू नकोस गं, क्रेट म्हण." पण मला तो पिंजराच वाटायचा. आत जुनी गोधडी घातली, पाण्याची वाटी ठेवली, पिल्लाला आत ढकललं आणि कडी लावली.

ते तासाभरात थकलं नाही.

सुरुवातीला कुंईकुंई, मग केकाटणं, मग मान वर करून लांबलचक हेल. घसा बसला की थोडं थांबायचं आणि पुन्हा तिथूनच सुरू. पंजांनी तळाचा पत्रा खरवडायचं. मुलगी कानांवर उशी दाबून बसायची. न राहवून एकदा तिने जाऊन कडी काढली, आणि मी तिच्यावर ओरडले, "आता सगळं पहिल्यापासून करावं लागणार, कळतंय का तुला?" ती आत गेली. मी पिल्लाला पुन्हा आत घातलं. त्याने दोन्ही पंजे माझ्या मनगटाला आवळून धरले होते, ते एकेक करून सोडवावे लागले.

त्यात यजमानांची रात्रपाळी सुरू झाली. सकाळी ते येत, चहा घेत आणि आडवे होत. आणि त्याच वेळी मला स्वयंपाकाला, शिकवणीला पिल्लू आत ठेवावं लागे. मी घरी गणिताच्या शिकवण्या घेते. मुलं हसायची, वहीत लक्ष नसायचं. खाली दुसऱ्या माळ्यावर एक गुजराती म्हातारं जोडपं राहतं, आजोबांचं हृदयाचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. एका दुपारी आजी, त्यांना सगळी सोसायटी बा म्हणते, धापा टाकत वर आल्या. भांडायला नव्हत्या आल्या. दारातच उभं राहून म्हणाल्या, "बेन, कुतरुं आखो दिवस रडे छे. एमने ऊंघ नथी आवती." कुत्रं दिवसभर रडतं, यांना झोप लागत नाही, एवढंच. मी हात जोडले. त्या गेल्या, आणि संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी येऊन सांगून गेले की हा आठवडा बघू, नाहीतर घरमालकाशी बोलावं लागेल.

त्याच आठवड्यात एका सकाळी यजमान आले ते बूट न काढताच खुर्चीवर बसले.

"काय झालं?"

"पॅनेलसमोर डोळा लागला."

मी चहाचं भांडं खाली ठेवलं.

"अलार्म वाजत होता," ते म्हणाले. "मी ऐकला गं. पण मला वाटलं, पिल्लूच रडतंय. म्हटलं, रडू दे, उघडायचं नाही. बाजूच्याने येऊन हलवलं मला."

ते ज्या टाक्यांवर काम करतात त्यांच्यात काय असतं आणि ते सुटलं तर काय होतं, ते मला लग्नानंतर लवकरच कळलं होतं. मी त्यांच्या शेजारी बसले. आतून पिल्लाचं सुरू झालं होतं.

"रविवारी परत देऊन येतो," ते म्हणाले. "पर्याय नाही."

"आणि हिचं काय?"

ते बूट काढायला वाकले. वळून बघितलं तर मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी. तिने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, रडेल, भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त "बरं" म्हणाली आणि खोलीत जाऊन दार लावलं. दुपारी जेवली नाही. संध्याकाळी मी दारावर टकटक केली तर आतून, "नको आई." पिल्लू येण्याआधीचा, मला पाठ झालेला तोच आवाज. एका खोलीतून हेल येत होते, दुसरीतून काहीच नाही. मी न्हाणीघरात गेले, नळ मोठा सोडला आणि तिथल्या स्टुलावर बसून राहिले. देवाचं नावसुद्धा सुचेना. डोक्यात एवढंच येत होतं की आता हिच्यासाठी आणायचं तरी काय? कुत्रंही आणून झालं.

शनिवारी सकाळी, यजमान झोपल्यावर, मी पिल्लाला आत घातलं आणि कणीक मळायला घेतली. थोड्या वेळाने त्याचं रडणं बदललं. आधीचं रडणं हट्टाचं होतं. हे वेगळं होतं, तुटक, चिरका आवाज. कणकेच्या हातांनीच धावले.

दाराची एक तार त्याने चावून चावून वाकवली होती. त्या फटीत त्याचा खालचा जबडा अडकला होता. सुटायला ते मागे हिसके देत होतं, आणि सुळा तारेमागे अडकून हिरडी फाटत होती. गोधडीवर रक्त. मी घाबरून कडी काढली आणि दार ओढलं, तर दाराबरोबर त्याचा जबडाही ओढला गेला. ते जे किंचाळलं ते मला आजही ऐकू येतं.

यजमान बनियनवर धावत आले. त्यांच्यामागून मुलगी. ती सरळ फरशीवर पालथी पडली, अर्धवट उघड्या दारातून दोन्ही हात आत घातले आणि पिल्लाचं डोकं धरलं, घट्ट.

"हलू नकोस," ती त्याला म्हणाली. "मी आहे. हलू नकोस. बाबा, पक्कड आणा."

त्यांनी हत्यारांच्या पेटीतून पक्कड आणली. झोपेतून उठलेला माणूस, डोळे धड उघडत नव्हते. तार पक्कडीत धरली की घसरायची.

"सावकाश," मुलगी म्हणाली. "मी धरलंय ना. बाबा, तुम्ही कापा."

तार तुटली. जबडा सुटला. पिल्लू तिच्या हातांत लोळागोळा होऊन पडलं, तोंडातून लाळ आणि रक्त. तिने त्याला कुर्त्याच्या घेरात गुंडाळलं. मी घ्यायला गेले तर ते मलाच चावायला उठलं. त्याचं बरोबर होतं.

"अलकापुरीत जनावरांच्या डॉक्टर आहेत," यजमान शर्ट चढवत म्हणाले. "मी रिक्षा बघतो. तू घे त्याला."

"माझ्याकडे येत नाहीये ते."

आम्ही दोघं मुलीकडे बघत राहिलो. तिने एकदा दाराकडे पाहिलं. चेहरा पांढरा पडला होता. मग चपला न घालताच ती बाहेर पडली.

दुसऱ्या माळ्यावर ती थांबली. कठडा धरला. श्वास जोरजोरात चालू झाला, तोच, सोफ्यावर पडली होती त्या दिवसाचा. डॉक्टरबाईंनी सांगून ठेवलं होतं की अशा वेळी ढकलायचं नाही, ओढायचं नाही. मी एक पायरी वर उभी होते, हातावर कणीक वाळत होती. खालून यजमान हाक मारत होते. बांनी दार उघडलं. त्यांनी मुलीला बघितलं, कुर्त्यातलं रक्त बघितलं, आणि काही न विचारता तिच्या पाठीवर हात ठेवला. "जा बेटा, कशुं नथी थवानुं. जा." काही होणार नाही, जा.

"आई," मुलगी म्हणाली, "मला धरून चल."

मी तिच्या दंडाला धरलं. एकेक पायरी उतरलो. रिक्षात ती आमच्या दोघांच्या मध्ये बसली, डोळे मिटून, तोंड पिल्लाच्या पाठीत. फतेगंजचा पूल आला, स्टेशनची गर्दी आली, तिने डोळे उघडले नाहीत. पण उतरवा मला, असंही म्हणाली नाही.

डॉक्टरांनी पिल्लाचं तोंड उघडून बॅटरीने पाहिलं. हिरडीला टाके पडणार होते, सुळा निम्मा तुटला होता. "दुधाचा दात आहे," त्या गुजरातीत म्हणाल्या, "तसाही पडणारच होता. नवा येईल. हे झालं कसं?"

मी बोलायला तोंड उघडलं, पण मुलीने सांगायला सुरुवात केली. अडखळत, पण सगळं सांगितलं, बाहेरच्या माणसाला, गुजरातीत. पिंजरा, कडी, रडणं, आम्ही किती वेळ रडू देत होतो ते. डॉक्टर ऐकत होत्या.

"पहिल्या दिवसापासून दार लावायचंच नसतं," त्या शेवटी म्हणाल्या. "आधी त्याला ती जागा आपली वाटू द्यायची. खाणं आत द्या. दार उघडं. ते आपणहून आत जाऊन झोपायला लागलं की मग थोडं थोडं लावा. रडायच्या आत उघडा."

"आम्ही ते परत देणार आहोत," यजमान म्हणाले. आवाज इतका थकलेला होता की डॉक्टरांनी त्यांनाच बसायला खुर्ची दिली.

मुलगी टेबलावरच्या पिल्लाकडे बघत होती. "बाबा, थोडे दिवस द्या मला. नाही जमलं तर मीच नेऊन देईन. तुमच्या मित्राच्या घरी. मी स्वतः."

यजमानांनी बाहेर जाऊन कारखान्यात फोन लावला आणि पाळी बदलून मागितली. एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी कधी काही मागितलेलं मला आठवत नाही. पुढच्या आठवड्यापासून दिवसपाळी मिळाली.

पिंजरा मुलीच्या खोलीत गेला. यजमानांनी त्याचं दारच उतरवून ठेवलं आणि तारांची टोकं कानशीने घासून गुळगुळीत केली. पिल्लू आधी त्याच्या जवळही फिरकेना. मुलगी दूधभात उंबऱ्यावर ठेवायची, आणि ते मान लांब करून, पाय बाहेर ठेवूनच खायचं. मग वाटी थोडी आत. ती स्वतः पोटावर पडून अर्धी आत शिरायची आणि पिल्लू तिच्या कानापाशी हुंगायचं. मधल्या काळात दोनदा घर घाण झालं, माझी एक चांगली साडी गेली, पण रडणं थांबलं आणि सेक्रेटरी पुन्हा आले नाहीत. दार पुन्हा बसवल्यावर एकदा कुकरची शिट्टी वाजली आणि पिल्लू दचकून पुन्हा तसंच ओरडायला लागलं. वाटलं, संपलं सगळं, पुन्हा तेच. मुलगी धावली नाही. पिंजऱ्याजवळ जाऊन बसली, ते गप्प होईपर्यंत तिथेच बसून राहिली.

"दार लावल्याचं त्याला काही नसतं, आई," ती नंतर म्हणाली. "आपण परत येणार की नाही हे त्याला माहीत नसतं. म्हणून मी जाऊन येते. जाऊन येते. सारखी."

मी कुकर धुवायला घेतला.

यजमानांची पुन्हा रात्रपाळी लागली तेव्हा आम्ही तिघंही धास्तावलो होतो. पहिल्या सकाळी ते आले, बाहेरच बूट काढले आणि पावलांचा आवाज न करता आत आले. पिल्लू पिंजऱ्यात होतं, कडी लावलेली. त्याने एक डोळा उघडला, शेपटी दोनदा गोधडीवर आपटली आणि डोळा मिटला. यजमान दुपारपर्यंत झोपले. मी शिकवणीच्या मुलांना कुजबुजत गणितं समजावली.

मुलगी अजून कॉलेजला जात नाही. पुढच्या वर्षी बघू, असं डॉक्टरबाई म्हणतात, आणि तसं म्हणताना माझ्याकडे बघत नाहीत. पिल्लाला मात्र सकाळी खाली न्यावं लागतं, आणि ते फक्त तिच्याबरोबरच जातं. कधी ती सोसायटीच्या फाटकापर्यंत जाते. कधी बांच्या दारापर्यंत जाऊन, तिथे थोडा वेळ बसून, वर येते. काल फाटकाबाहेर गेली, कोपऱ्यावरच्या भाजीवालीपर्यंत, आणि येताना कोथिंबीर घेऊन आली. आज गेली नाही. दारात साखळी हातात धरून उभी राहिली, मग चपला काढल्या. पिल्लाने घाण केली ती मी पुसली.