चुकलेली राहुटी

आमच्या आचऱ्यात काही वर्षांनी एकदा देवाचा कौल होतो आणि अख्खं गाव घरं सोडून वेशीबाहेर राहायला जातं. तीन दिवस, तीन रात्री. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. मागे गावात चूल पेटत नाही की दिवा लागत नाही. याला गावपळण म्हणतात. बाहेरच्या माणसाला हे सांगायला लागलं की तो हमखास "पण का?" असं विचारतो, आणि मी शिक्षिका असूनही मला याचं धड उत्तर देता येत नाही. जायचं असतं म्हणून जायचं.

या खेपेला मात्र आई जायला घाबरत होती. वर्षभर बाबा विसरायला लागले होते. चष्मा, किल्ल्या इथवर ठीक होतं, पण मग ते अंगणात मध्येच थांबून आपण कुठे निघालो होतो ते आठवत बसायचे. त्यांची सगळी नोकरी कचेरीत जमिनीची कामं बघण्यात गेली. निवृत्तीनंतरही वाडीतली माणसं सातबारा घेऊन आमच्याकडेच यायची. हल्ली कोणी आलं की आई दारातच "झोपलेत" म्हणून सांगायची. मी कुडाळहून शनिवारी आले की डॉक्टरचा विषय काढायचे आणि ती तो गिळून टाकायची.

"एकदा लोकांक कळला काय तेंका कोण काय इचारूचे नाय," ती म्हणायची. "मगे ते बसान काय करतले?"

घराला निदान भिंती होत्या. वेशीबाहेरच्या माळावर नारळाच्या झापांच्या राहुट्या. एकीत शिंकलं की दुसरीतून 'म्हातारे व्हा' ऐकू येणार. तीन दिवस हे झाकायचं कसं, हा आईचा प्रश्न होता, आणि तो तिने माझ्या गळ्यात घातला.

मी शाळेतल्या सवयीने सगळं शिस्तीत करायचं ठरवलं. तरी माळावर पोचल्यावर कळलं की गॅसची शेगडी आली, सिलिंडर आला, रेग्युलेटर घरी राहिला. आता गावात परत पाऊल टाकायची सोय नाही. कुकर आला होता तो झाकणाशिवाय, आणि तो मीच भरला होता. एवढ्यात बाबांनी आपलं गाठोडं सोडलं. आत गोधडीत नीट गुंडाळलेलं, भिंतीवरचं मोठं घड्याळ. आईने चटकन पदर त्यावर टाकला.

"ह्या कित्याक हाडलात?"

"रानात किती वाजले ता कसा कळतला?" बाबा म्हणाले.

हे विसरण्याचं लक्षण की शहाणपणाचं, ते मला ठरवता येईना. त्यात शेजारची काकी हातात टीव्हीचा रिमोट नाचवत आली. तिला तो तांदळाच्या पिशवीत सापडला होता. टीव्ही गावात, रिमोट माळावर. काकी स्वतःच पोट धरून हसत होती. आईने हळूच पदर काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कळशी घेऊन पाण्याला निघाले. बाबा आमच्या दारात बसले होते, काकीचा नवरा, आमचे काका, त्यांच्या दारात चुलीसाठी फाटी फोडत होते. परत येते तर बाबा नाहीत. आई पांढरीफटक. आम्ही दोघी कोणाला हाक न मारता, सहज फिरल्यासारखं दाखवत, राहुट्यांमधून शोधत सुटलो. सहज फिरणं इतकं दमवतं हे मला ठाऊक नव्हतं.

बाबा काकीच्या राहुटीत सापडले. सदरा काढून वाशाला टांगलेला, मांडी घालून चटईवर बसलेले, हातात चहा.

"खंय होतंस गो?" ते आईवर रागावले. "पावण्यांनीच चाय केल्यानी."

म्हणजे काकी त्यांच्या लेखी आमच्याकडे आलेली पाहुणी. मला हसू येत होतं आणि त्याचीच लाज वाटत होती. काकी चहा गाळता गाळता म्हणाली, "सगळ्यो राहुट्यो एकसारक्यो. आमचो माणूस खंय गेलो, ता बघा आधी."

बघितलं. काका आमच्या राहुटीत, माझा टॉवेल उशाला घेऊन घोरत होते.

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट माळभर झाली. मग ज्याने त्याने आपापल्या चुका काढल्या. कोणी दुसऱ्याच्या चुलीवर भात ठेवला होता, कोणी परक्या म्हशीला पाणी दाखवून आला होता. खूण म्हणून आईने आमच्या दाराला बाबांचा पंचा बांधला. ते बघून सगळ्यांनी पंचे बांधले आणि राहुट्या पुन्हा एकसारख्या झाल्या. आई कितीतरी महिन्यांनी मोकळी हसली. मला तर वाटायला लागलं की बाबांना काही झालेलंच नाही, आपणच उगाच घाबरलो. अख्खं गावच असं विसरभोळं असेल तर डॉक्टरकडे न्यायचं कोणाला?

चौथ्या दिवशी कौल झाला आणि आम्ही परतलो. मी घड्याळ पुन्हा खिळ्याला टांगलं. बाबा पडवीत त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत बसले, पण चपला काढल्या नाहीत, गाठोडंही मांडीवरून खाली ठेवलं नाही. छपराकडे, मग तुळशीकडे बघत राहिले.

"जागा बरी आसा," ते आईला म्हणाले. "पण आता आपल्या घराक कधी जावचा?"

मला रडू आलं. पायरीवर काकी उभी होती, माळावर नेलेला आमचा कुकर परत द्यायला आलेली. तिने सगळं ऐकलं होतं. आईने तिच्याकडे बघितलं नाही. बाबांच्या मांडीवरचं गाठोडं हळूच काढून घेत म्हणाली, "कौल झालो काय जावया."

बाबांना ते पटलं. त्यांनी मान हलवली.

काकीने कुकर पायरीवर ठेवला. "भावजी," ती म्हणाली, "उद्या सातबाऱ्याचो कागद घेवन येतंय. वायच बघून सांगा."

"हाड तो कागद," बाबा म्हणाले. "सकाळीच ये."

काकी गेली. आई गाठोडं पोटाशी धरून तिच्या पाठीकडे बघत राहिली. काका त्या दुपारी खरंच राहुटी चुकले होते का, ते मी काकीला अजून विचारलेलं नाही.