माझा भाऊ उंबऱ्यात गेला नव्हता

हा अनुभव लिहायचं मी वर्षानुवर्षं टाळत आलो. "आण्णा, सर्जाच्या वेळचा देवाचा चमत्कार लिहून काढा की, लोकास्नी कळू दे," असं भावकीतली माणसं दर चैत्रात म्हणायची आणि मी "बघू" म्हणून विषय बदलायचो. त्यांना वाटायचं, म्हाताऱ्याला भाऊ आठवतो, बोलवत नाही. खरी गोष्ट अशी की तो चमत्कार खोटा आहे. तो मी रचला. जोतिबाची खरी कृपा मला फार उशिरा दिसली, आणि ती सांगायची तर आधी तो खोटा चमत्कार पुसावा लागतो. तो आज पुसतो आहे. वाचून कुणाला राग आला तर येऊ दे. माझा माझ्यावरचा राग त्याहून जुना आहे.

आता मी मुलाकडे कसबा बावड्यात राहतो, पण आमचं मूळ गाव शाहूवाडी तालुक्यातलं, भाताच्या खाचरांचं. चैत्र यात्रेत जोतिबाच्या डोंगरावर ज्या उंच सासनकाठ्या नाचवत नेतात, त्यातली एक आमच्या भावकीच्या मानाची. त्या साली काठी पेलायचा मान माझा होता. धाकटा भाऊ सर्जेराव, घरात सर्जा, तोल सांभाळायच्या दोरीवर होता. ऊन असं की दगडावर पाय ठरेना. काठ्या निघायच्या थोडं आधी सर्जा दोरी सोडून खाली बसला आणि बसल्या जागी कलंडला. यात्रेतल्या उपचार केंद्रात आम्ही त्याला उचलून नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरनं छाती दाबली, बॅटरीनं डोळे पाहिले आणि मान हलवली. मग त्यानं मयताचं नाव, गाव, वय विचारलं. मी सांगितलं. काय सांगतो आहे याचं भान नव्हतं, आणि नंतर ते विचारणं मी विसरूनही गेलो.

भानावर आलो तेव्हा मनात पहिला विचार आला तो भावाचा नव्हता. सुतकाचा होता. सख्खा भाऊ गेला म्हणजे मला सुतक, काठीला हात लावता येणार नाही. मला काय, सगळ्या भावकीलाच सुतक, म्हणजे मानाची काठी डोंगरावरून तशीच माघारी. तेव्हा तिथं माझ्याशिवाय फक्त चुलतभाऊ पांडबा होता, जीप चालवणारा. त्याला मी म्हणालो, "पांडबा, सर्जाला चक्कर आलीया. घरला ने. पर दिवस मावळल्याबिगर गावात शिरू नगंस. वाटंत कुटंतरी थांब." पांडबानं माझ्याकडं पाहिलं. "आण्णा, चक्कर?" एवढंच म्हणाला. मी काठीकडं गेलो.

त्या दिवशी काठी मी अशी नाचवली की लोक अजून नाव काढतात. गुलालानं माखून, गावच्या ट्रकमधून संध्याकाळी घरी पोचलो. पाठोपाठ पांडबाची जीप आली. मीच ओरडलो, "धुगधुगी हाय अजून, पाणी आना पाणी!" सर्जाची बायको शालन तांब्या घेऊन धावत आली, त्याच्या तोंडात पाणी घातलं. ते ओठांवरून खाली ओघळलं. उंबऱ्यातच मी जाहीर केलं की सर्जा आत्ता गेला. पुढं गोष्ट आपोआप वाढली: पालखी होईपर्यंत देवानं सर्जाचा जीव राखला, मानाच्या काठीला सुतक लागू दिलं नाही. माणसं गहिवरून सांगायची. मी मान खाली घालून ऐकायचो आणि त्यालाही लोक माझा विनय म्हणायचे!

सर्जाच्या मृत्यूची नोंद करायला मी ग्रामपंचायतीत गेलोच नाही. तोंडानं खोटं बोलून झालं होतं, पण कुठं गेला, कधी गेला, हे सही करून सांगायला हात धजेना. पुढं शालनला तिच्या वाट्याच्या शेतावर स्वतःचं नाव लावायचं झालं, तेव्हा सगळं माझ्याच दारात आलं. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला आणल्याशिवाय सात-बाऱ्यावर वारस लागत नाही. "आण्णा हायेत तवर ठीक, उद्या पोरांनी उठ म्हटलं तर कुठं जाऊ?" असं ती माझ्या बायकोला म्हणाली होती. पोरं म्हणजे माझीच. आणि तिची भीती चुकीची होती असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

मग तिचे हेलपाटे सुरू झाले. गावच्या पंचायतीत त्या सालची पानं चाळून सांगितलं, नोंद आढळत नाही, तसा कागद घेऊन तालुक्याला जा. तालुक्याला म्हणाले, इतकी वर्षं उलटल्यावर उशिराची नोंद म्हणजे आदेश पाहिजे, चौकशी पाहिजे, साक्षीदारांची प्रतिज्ञापत्रं पाहिजेत. एकदा मी सोबत होतो. पंख्याखालचा कारकून तिच्याकडं न बघताच म्हणाला, "बाई, नवरा मेलाय याला पुरावा काय?" तिनं कपाळावरून हात फिरवला, जिथं कुंकू नव्हतं, आणि म्हणाली, "ह्यो बगा की." कारकून हसला. माझं डोकं भडकलं, टेबलावर मूठ आपटून मी त्याला नाही नाही ते बोललो. घरी येताना एसटीत मात्र कळलं, त्या कारकुनानं तिला एकदाच ताटकळत ठेवलं होतं, आणि मी इतकी वर्षं.

शेवटी ठरलं, थोरला दीर म्हणून मीच लिहून द्यायचं: भाऊ राहत्या घरी, माझ्या डोळ्यांसमोर मयत झाला. मजकूर तयार झाला, शपथेवर सही तेवढी राहिली. सहीच्या आधी देवाला विचारावं म्हणून रविवारी डोंगरावर गेलो. विचारायचं कसलं, देवानं गप्प राहावं एवढीच इच्छा होती. दर्शन झालं. दवणा वाहिला. पायरीवर तो कागद मांडीवर धरून बसलो, आणि बहुतेक रडत असेन, कारण शेजारी एक गडी येऊन टेकला आणि म्हणाला, "पावणं, रडून झालं असंल तर एवढं सांगा, ग्रामपंचायत कुठल्या अंगाला हाय?"

धिप्पाड माणूस, कपाळाला भस्माचे पट्टे, गडहिंग्लजकडचा किराणा दुकानदार. त्याचे वडील मागच्या यात्रेत इथंच गेले होते. "दाखल्यापायी वरीसभर गावात तंगड्या तोडल्या बगा. आता कळतंय, माणूस जितं मरतोय तितंच त्येची नोंद. ऱ्हायाला कुठं हुता त्येला कोन इचारतंय! आप्पा मेला हितं आनि मी हुडकतोय तितं. माझ्यापरास दुकानातली उंदरं शानी."

डॉक्टरनं विचारलेलं नाव, गाव, वय इतक्या वर्षांनी कानात वाजलं. "यात्रेतला डॉक्टर कळवतो काय हो पंचायतीला?" मी विचारलं.

"कळवत असंल की. का? तुमचं बी कोन हितं गेलंय?"

या प्रश्नाला आजवर मी एकदाही खरं उत्तर दिलं नव्हतं. समोर जोतिबाचं शिखर होतं. "व्हय," मी म्हणालो. "भाऊ."

"मग उठा की! बसून काय दाखला उगवतोय हितं?"

रविवारी ऑफिस बंद, तर या गड्यानं मला सोडलंच नाही. डोंगरावरच एका ओळखीच्याकडं मुक्काम केला, मलाही ठेवून घेतलं, आणि सोमवारी सकाळी पंचायतीत माझ्या आधी माझ्या भावाचं नाव त्यानंच पुढं केलं. अर्ज लिहिला, साल सांगितलं, शोधाची फी भरली. आतल्या बाईंनी जुनं रजिस्टर काढलं आणि चैत्रापाशी बोट थांबवलं. सर्जाचं नाव होतं. आमचं गाव होतं. मृत्यूचं ठिकाण, जोतिबा डोंगर, यात्रा उपचार केंद्र. शालन ज्या कागदासाठी उंबरे झिजवत होती तो इतकी वर्षं देवाच्या पायापाशी पडून होता, आणि तिला तिकडं जाऊ न देणारा मी एकटा होतो.

त्या गड्याला लोक देव म्हणतील. देव असता तर माझ्याकडून चहा-भजी खाऊन वर "भजी तेलकट हैत" म्हणाला नसता. मी एवढंच सांगतो की तो आला नसता तर मी खोटी शपथ घेतली असती. प्रतिज्ञापत्राचा कागद मी तिथंच फाडला. दाखला हातात घेऊन देवाकडं तोंड केलं आणि पहिल्यांदाच काही मागितलं नाही. तुझ्या नावाखाली मी जे लपवलं ते तू जपून ठेवलंस, आता पुढं काय करायचं ते कर, एवढंच म्हणालो.

आमच्याकडं धाकटी भावजय थोरल्या दिराशी समोरासमोर बोलत नाही. घरी आल्यावर मी दाखला बायकोच्या हातात दिला, तिनं शालनला दिला. शालननं ओळीवरून बोट फिरवत वाचलं. ठिकाणापाशी बोट थांबलं. बायकोनं डोकावून पाहिलं आणि ती माझ्याकडं वळली. शालन मात्र शांत होती. पदर सावरून भिंतीकडं बघत म्हणाली, "मला ठावं हाय, अक्का. पानी घालताना दातखीळ बसल्याली. आनि पांडबा भावजींनी मरताना सगळं सांगितलं मला. ऑफिसात खरं सांगितलं असतं तर आण्णांची मान खाली गेली असती." मग जरा थांबून, "एवढं इचारा की आण्णास्नी. वाटंत गाडी थांबवल्याली तवा मालकास्नी ऊन लागत हुतं का?"

"आंब्याखाली हुती गाडी," मी म्हणालो. "गार सावलीत."

"बरं झालं," ती म्हणाली आणि गुरांना पाणी दाखवायला गेली.

शालनचं नाव शेतावर लागलं. माझ्या पोरांनाही आता तिला उठ म्हणता येणार नव्हतं. काठीचा मान मी सोडला आणि कारण विचारणाऱ्यांना काहीबाही सांगितलं. भावकी अजून ती चमत्काराची गोष्ट सांगते आणि आता ऐकून माझा संताप होतो. देवाला त्या दिवशी काठी नको होती. मान आम्हाला हवा होता, त्याच्या नावावर. शरण जाणं म्हणजे काठी पेलणं असं मी समजत होतो. ती खाली ठेवता आली पाहिजे, हे मला त्या पंचायतीच्या बाकावर कळलं.

गेल्या पावसाळ्यात शालन कोल्हापुरात दवाखान्यात वारली. दाखला मीच काढला, जिथं गेली तिथलं ठिकाण नीट सांगून. ती होती तोवर रोज तिच्याशी बोलायचं ठरवत होतो आणि रोज मध्ये ती भिंत आणि तो पदर येत होता. म्हणून इथं लिहितो.

शालन, बाई, तुझा नवरा तुझ्याकडं येत होता आणि मी त्याला वाटेत थांबवून ठेवलं. आणि तो आंबा मी पाहिलेला नव्हता. मी काठीखाली होतो. गाडी उन्हात होती की सावलीत, हे पांडबा जिवंत असेपर्यंत मी त्याला एकदाही विचारलं नाही. मला क्षमा कर.