भाऊजींनी धुऊन दिलेला पंप

२ फेब्रुवारी. काम : वाकडी झालेली रोपं उपटणे आणि पिशव्या रिकाम्या करणे.

सकाळी आठला शेडनेटखाली बसले आणि पपईपासून सुरुवात केली. रोपं वितीएवढी झाली होती. प्रत्येकाची मान खाली वळलेली, देठ पिळवटलेले, शेंड्याची पानं दोऱ्यासारखी बारीक. पपईमागे शेवगा, शेवग्यामागे वांगी-टोमॅटो. रोप उपटायचं, माती घमेल्यात ओतायची, रोप खड्ड्यात टाकायचं. ती माती पुन्हा वापरायची नव्हती. रडण्यासारखं त्यात काही नव्हतं. राग मात्र होता, आणि हात चालू असले की रागातही माझं डोकं बरं चालतं.

आमची वस्ती इंदापूर तालुक्यात, अंथुर्ण्याच्या बाजूला. मी बारामतीत एका रोपवाटिकेत बारा वर्षं काम केलं, ट्रे भरण्यापासून कलमं बांधण्यापर्यंत. मग वाटलं, हेच आपल्या रानात का नको? घरचं दोन एकर रान होतं, सासऱ्यांच्या नावावर, चारी बाजूंनी उसात बुडालेलं. त्यात मी केळी, शेवगा, हदगा, तूर, हळद असं एकमेकांच्या सावलीनं वाढणारं लावत गेले. पाचट जाळायचं सोडलं, जमीन झाकून ठेवली. गावात त्याला जंगल म्हणतात. जंगल तर जंगल. पण त्याला सारखी रोपं लागतात, तऱ्हेतऱ्हेची, म्हणून आधी रोपवाटिका उभी करायची ठरवली. बांबू, हिरवी जाळी, काळ्या पिशव्या आणि एक पाण्याची टाकी, एवढ्यावर ती उभी राहिलीही.

सासऱ्यांना आम्ही आबा म्हणतो. त्यांनी अट घातली होती. "फेब्रुवारी संपायच्या आत तुझी रोपं गिऱ्हाइकाच्या रानात गेली पाहिजेत. न्हाय गेली तर सुरूचा ऊस लावायचा." सुरूचा ऊस फेब्रुवारीपर्यंतच लागतो, आणि तो लावायला माणूस तयार होता. माझा चुलत दीर. उत्तरेचा बांध त्याचा. आमच्या दोन एकरांत वाट्यानं ऊस करायला तो तीन वर्षं टपून बसला होता. माझ्याकडे गिऱ्हाईक पक्कं होतं : अंथुर्ण्याच्या बायकांचा एक गट, त्यांना शेवगा आणि पपई हवी होती. म्हणजे रोपं गेली की रान माझं, रोपं मेली की रान त्याचं. हिशेब सगळ्यांना माहीत होता, त्यालाही.

आमच्या वस्तीवर पाठीवरचा, बॅटरीवर चालणारा फवारणीचा पंप या घरून त्या घरी जातो. मागायला आलेल्याला नाही म्हणत नाहीत, आणि परत आणणाऱ्याला काय फवारलं होतं ते विचारत नाहीत. विचारणं म्हणजे संशय घेणं. संक्रांत झाल्यावर दीर पंप न्यायला आला. "वहिनी, उसाला झिंक मारायचंय, दोन दिवस द्या." त्याचा स्वतःचा पंप होता, तरी दिला. तिसऱ्या दिवशी आणून ओट्यावर ठेवला आणि स्वतःहून म्हणाला, "तीन पाण्यानं धुतलाय बरं का."

चूक माझी ती इथं. बारा वर्षं रोपवाटिकेत काढलेल्या बाईनं टाकीचं झाकण काढून वास घेतला नाही. शेण-गोमूत्राचं जीवामृत गाळलं, पातळ केलं, त्याच पंपात भरलं आणि शेडनेटमधल्या सगळ्या रोपांवर फवारून मोकळी झाले.

चार दिवसांत माना वळल्या. दीर बघायला आला, हळहळला. "शेणामुताचा डोस ज्यादा झाला वहिनी." आबांनी मान हलवली. मलाही आधी तसंच वाटलं, हे लिहून टाकते. मग उत्तरेच्या बांधावर गेले. त्याच्या उसाच्या कडेला काँग्रेस गवत होतं, तेही माझ्या पपईसारखंच पिळवटलेलं. वर ऊस मात्र हिरवागार. झिंक म्हणजे खत, त्यानं गवत वाकडं होत नाही. रुंद पानाचं तेवढं मारायचं आणि उसाला सोडायचं, असं तणनाशक इथं प्रत्येक दुकानात मिळतं. ते पंपात भरलं की पंप नुसत्या पाण्यानं धुऊन भागत नाही. रोपवाटिकेत त्याचा पंपच वेगळा असतो, आणि शेतकऱ्यालाही हे माहीत असतं.

तरी खात्री केली. मागच्या बाजूला, फवारणीतून सुटलेला टोमॅटोचा एक ट्रे होता. त्याचे दोन केले. पंपात स्वच्छ पाणी भरलं, खळखळून हलवलं आणि एका ट्रेवर फवारलं. दुसऱ्यावर नळाचं पाणी. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या ट्रेनं माना टाकल्या होत्या. दुसरा ताठ उभा.

लगेच आबांना दाखवलं नाही. दाखवलं असतं तर दीर म्हणाला असता, बाईनं स्वतःच काहीतरी मारलं आणि आता माझ्यावर ढकलतीय. ते त्याच्याच तोंडून यायला हवं होतं. मी पंप न धुता चार्जिंगला लावला आणि वाट बघत बसले. मला त्यात काडीचीही लाज वाटली नाही.

तर २ फेब्रुवारी. दहाच्या सुमाराला दीर चहाला आला आणि ओट्यावर आबांच्या शेजारी बसला. मी वीस पावलांवर, पपई संपवून शेवग्यावर आलेली.

"शेवटी उपटायला लागल्या व्हय?" त्यानं आबांना विचारलं, मला ऐकू येईल असं. "वहिनी, आता त्याच पिशव्यांत उसाचं बेणं लावा! लगेच फुटतंय बघा." स्वतःच हसला.

आबा हसले नाहीत. म्हणाले, "तुझी ढोबळी काय म्हणतीया?"

ढोबळी मिरची हा त्याचा अभिमान. अर्ध्या एकरावर जाळी, रुंद पानांची झाडं, फुलं लागलेली. तो लगेच रडायला लागला. "फुलकिडं आलंय ओ आबा. आन् माझा पंप परवाधरनं बारामतीत दुरुस्तीला. आज फवारलं न्हाय तर सगळं फूल गळतंय."

मी हात धुतले, घरात गेले, पंप आणला आणि त्याच्या पायांशी ठेवला.

"घ्या भाऊजी. चार्जिंग फुल्ल हाय."

तो पंपाकडे बघत राहिला. माझ्याकडे नाही.

"न्हाय, नको. माझा येतोय संध्याकाळी."

"संध्याकाळी कशाला?" आबा म्हणाले. "आत्ता तर म्हणालास आज फवारायचं. ने की, घरचाच हाय."

"तसं न्हाय आबा…"

"धुतलेला हाय," मी म्हणाले. "तुमीच तीन पाण्यानं धुऊन आणला होता. त्यानंतर मी फक्त शेणामुताचं पाणी घातलं. आन् त्याच्या आधी तुमचं झिंक. झिंक मिरचीलाबी चालतं की."

"वहिनी, चेष्टा नका करू."

"चेष्टा कुठं? पंप मागायच्या आधी आणून दिला."

त्यानं कप उचलला, पुन्हा ठेवला. पंपाला हात लावला नाही. पन्नास वर्षं ऊस केलेल्या आबांना एवढं बास होतं. ते पंपाकडून त्याच्याकडे वळले.

"उसात काय मारलं होतंस रं?"

"झिंकच… आन् थोडं तणाचं. टाकीच्या बुडाला राह्यलं असंल."

"मंग हिला सांगितलं का न्हाईस?"

"ध्यानात न्हाय आलं."

"मिरचीच्या टायमाला बरं आलं!"

मग मी दोन्ही ट्रे आणून ओट्यावर मांडले आणि कुठला कशानं भिजवला ते सांगितलं. आबांनी वाकड्या रोपाला बोट लावलं. दीर चहा अर्धा टाकून उठला. जाताना मी हाक मारली, "भाऊजी, पंप ऱ्हायला." तो वळला नाही. असं बोलायची गरज नव्हती, पण बोलले, आणि दिवसभर मला त्याचं बरं वाटत होतं.

"पाडव्यापर्यंत मुदत घे," आबा म्हणाले.

"ह्या न्हाय, पुढच्या वर्षीच्या पाडव्यापर्यंत. आन् तोवर ह्या रानात उसाचं नाव काढायचं न्हाय."

आबांनी दिराचा उरलेला चहा अंगणात ओतला. "बरं," म्हणाले.

अंथुर्ण्याच्या बायकांना फोन करून झालं ते जसंच्या तसं सांगितलं. त्यांची पुढारीण म्हणाली, "थांबतो की आमी. पण आता पंप कुणाला देत जाऊ नगा बया." दुपारी लोणी देवकरहून नवऱ्याचा फोन आला. तो तिथं कंपनीत आहे, जेवणाच्या सुट्टीत बोलतो. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "झालं ना तुझ्या मनासारखं? आता सोड." मी बरं म्हणाले. सोडणार नव्हते.

संध्याकाळी शेवग्याचं बी भिजत घातलं आणि रानाचा नकाशा काढून बसले. त्यावर पश्चिमेला वारा अडवायला झाडांच्या दोन ओळी आहेत. तशाच दोन उत्तरेलाही आखल्या होत्या, पण त्यांच्यावर मी काट मारली होती. गेल्या वर्षी दीर हात जोडून आला होता : "वहिनी, उत्तरंला झाडं नका लावू, माझ्या उसावर सावट पडतंय." खरं होतं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून चालतो, आमच्या बांधालगत उंच झाडं झाली तर त्याच्या चार-पाच सऱ्यांना ऊन मिळणार नाही आणि तिथला ऊस काडीसारखा राहील. शेजारधर्म म्हणून मी रान उघडं ठेवलं होतं. खोडरबर घेतलं आणि ती काट पुसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडताच टेप घेऊन उत्तरेला गेले. बांधापासून तीन हात आत दोरी धरली, म्हणजे उद्या कुणी मोजणी आणली तरी बोट ठेवायला जागा नको. शेवरीची रोपं जाळीबाहेर होती म्हणून वाचली होती, आणि ती वर्षात दोन पुरुष उंच जाते. तिच्यामागे गिरिपुष्पाचे खुंट, मध्ये मध्ये बांबू. खड्डा, मूठभर गांडूळखत, रोप, पायानं दाब, पाणी. निम्मी ओळ झाली तेव्हा त्याची मोटर चालू झाली आणि तो पाणी वळवायला बांधावर आला. दोरी बघून थबकला.

"वहिनी," तो म्हणाला, "सावट पडंल की ओ उसावर."

"पडंल," मी म्हणाले आणि पुढचा खड्डा घेतला.